बरणीवरचं घट्ट झाकण

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या छोट्या बारची मालकीण सगळ्यांना 'ठसका' म्हणूनच ठाऊक. तव्यावर सुक्या मिरच्या भाजायला टाकल्या की अर्धी गल्ली खोकायची, आणि उरलेली अर्धी तिच्या तोंडी लागून गप्प झालेली असायची.

पूर्वी ती मोठ्या हॉटेलात ग्लास धुवायला होती. तिथल्या मेक्सिकन आचाऱ्याने तिची खुमखुमी ओळखली आणि तिला हाताशी धरून कॉकटेल करायला शिकवलं. ग्लासची कड तिखटमिठात कशी फिरवायची, टकिलाला चिंच कशी मानवते, आणि मुख्य म्हणजे 'टेपाचे' हे अननसाचं आंबवलेलं पेय. अननसाच्या साली, गूळ, दालचिनी नि पाणी बरणीत घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि आंबेपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. पुढे हॉटेलच्या साहेबाशी वाजलं. ठसका ताडकन बाहेर पडली, धाकट्या भावाला भागीदार केलं आणि स्वतःचा बार थाटला. आंबवणाच्या बरण्या मागच्या खोलीत मांडल्या. तिचं प्रत्येक पेय त्या बरण्यांतून निघायचं. तिची सगळी मिजास त्यांच्यावर होती.

यंदा परवान्याला, बार ज्या इमारतीखाली होता तिच्या रहिवाशांची संमती हवी होती, आणि रहिवाशांना वास येत होता. जिन्यात कचरा कुजला तरी ज्यांची नाकं कधी जागी झाली नाहीत, त्यांच्यापर्यंत अननस मात्र बरोबर पोचला, तोही तिसऱ्या मजल्यावर. पुढारपण वरच्या शिंपीकाकांकडे. त्यांनी रविवारी दुपारी बारमध्येच बैठक बोलावली.

ठसकाने ठरवलं, हात जोडायचे नाहीत, प्यायला घालायचं. एकदा जिभेवर पडलं की नाकं आपोआप खाली येतील. तिने बरण्या तयार केल्या आणि बर्फ आणायला गेली.

मागे राहिलेल्या भावाला वाटलं, आपणही काही हातभार लावावा. वासावरून तर एवढं रामायण चाललंय! त्याने फडकी सोडली, सगळ्या बरण्यांना झाकणं घट्ट पिळून बसवली आणि कोणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून त्या शेगडीलगतच्या फळीवर सरकवल्या. वास खरंच थांबला. भाऊ खूश.

ठसका बर्फ घेऊन आली आणि बैठक भरली. शिंपीकाका वासावर बोलायला उभे राहिले, आणि आज तो फारसा जाणवत नाही असं ते म्हणतच होते, तेवढ्यात मागे धडाम झालं. मागोमाग दुसरं. सगळे दाराकडे धावले. कोणाला लागलं नाही, पण काचा सगळीकडे, छताला अननसाच्या साली चिकटलेल्या आणि तो आंबूस दर्प जिन्याने चढत थेट अशा घरांत शिरला जी बैठकीला आलीच नव्हती.

"झाकणं कोणी लावली?" ठसकाने भावाला विचारलं.

"मी. वास येतो म्हणत होते ना सगळे."

"अरे, किती वेळा सांगितलं, बरणीला श्वास लागतो म्हणून?"

"मला वाटलं, तू आपली मायेने म्हणतेस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोर चांगल्या हेतूने चुकलं होतं, आणि त्यामुळे धड शिव्याही घालता येईनात.

शिंपीकाकांनी तिथेच निकाल दिला. बार राहू दे, त्यावर कोणाचा राग नाही. फक्त ही आंबवाआंबवी बंद. बाजारात सरबतांच्या बाटल्या मिळतात, त्या आणाव्यात. ठसकाने तोंड उघडायच्या आत भाऊ हो म्हणून मोकळा झाला. नाही म्हटलं तर बार जातो, हो म्हटलं तर बारमधलं आपलं असं काय उरतं, हे तिला कळत होतं. झाडू उचलून ती काचा गोळा करायला लागली.

बाटल्या आल्या. ठसका प्रत्येकाला ग्लास देताना मुद्दाम मोठ्याने सांगायची, हे बाटलीतलं आहे. निदान एकाने तरी तोंड वाकडं करावं, एवढीच तिची इच्छा. कोणी केलं नाही. लोक हसायचे, प्यायचे, अजून मागायचे.

शिंपीकाकाही आले. कडेचं तिखटमीठ चाटत त्यांनी ग्लास रिकामा केला.

"बरं झालंय गं हे. आधीचं जरा आंबट लागायचं."

फुटलेल्या बरण्यांनी झालं नव्हतं तेवढं दुःख तिला या एका वाक्याने झालं. मग तिने सरळ सांगून टाकलं, की आंबवायला ती दुसरीकडे जागा बघणार आहे.

"बघ की," काका म्हणाले. "आमच्या खाली नको, बस्स."

तेव्हापासून रोज बार उघडायच्या आधी ती गल्ल्या पालथ्या घालते. खोली केवढी, पाणी आहे का, हे नंतर. आधी वर कोण राहतं ते विचारते. वर कोणीतरी राहतंच.