साधं पाणी

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांना पाणी गिळता येईना. "पातळ काही देऊ नका, फुफ्फुसात जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी पाण्यात तांदळाचं पीठ शिजवून, घट्ट करून चमच्यानं भरवायची. ज्या माणसानं इटियाडोहच्या कालव्याचं पाणी आपल्या धानाच्या बांधीत घेण्यासाठी जन्मभर भांडणं केली, त्याला मी ती खळ चाटायला लावत होते. तोंड फिरवून ते म्हणायचे, "बाई, साधं पाणी दे ना वो. काऊन नाई देऊन राहिली?"

त्यांच्यासाठी मी शिकवण्या सोडल्या, दोन स्थळं परत पाठवली. तिसऱ्या वर्षी एका दुपारी पेला विसळताना मनात आलं, देऊन टाकावं. एकच पेला. दोघंही सुटू. कोणाला कळणारही नव्हतं. मी पेला पालथा घातला आणि ढसाढसा रडले. पण त्यानंतर तो विचार रोज जेवणाच्या वेळेला हजर व्हायचा. मग मी त्यांच्या खोलीत पाण्याचं भांडं ठेवणंच बंद केलं. कुडवा गावातली आमची गल्ली माझं कौतुक करायची, आणि मला ते ऐकवत नसे.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता फार दिवस नाहीत. मागतील ते द्या. दोन चमचे साधं पाणी दिलंत तर बरं वाटेल त्यांना."

परवानगी मिळाली. चमचा भरला, पण हे मी त्यांची तहान भागवायला देते आहे की माझी सुटका करून घ्यायला, ते माझं मलाच सांगता येईना. चमचा मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशीही तेच. चार दिवस ते पाणी मागत राहिले आणि मी खळ भरवत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले.

नुसतं मनात आल्यानं कोणी वाईट होत नाही, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी तर काहीच केलं नाही. त्या विचाराला भिऊन बापाला तहानलेलंच जाऊ दिलं, एवढंच.

शेजारच्या काकूंनी तुळशीचं पान घातलेला पेला आणि चमचा माझ्या हातात दिला. "पाज, माय. बापाचं एवढं कोणी नाई करत." मी पाजलं. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. आता त्यानं काहीच होणार नव्हतं, म्हणून मी दुसरा चमचाही भरला.