माझ्या सहीने गेलेलं मैदान

मी न वाचता सही केली. एवढीच चूक. त्या सहीने आमच्या वॉर्डातल्या पालिकेच्या शाळेचं मैदान गेलं आणि तिथं क्रीडासंकुल उभं राहिलं. निळ्या काचांचं. आत पोहायचा तलाव, बॅडमिंटनचं कोर्ट, दारात शिट्टीवाला गार्ड.

उद्घाटनाला आमच्याच शाळेची पोरं लेझीम खेळायला आणली होती. पाहुणे येईपर्यंत तीन तास उन्हात. माझी पाचवीतली पोरगी पहिल्या ओळीत. पाहुणे आले, फीत कापली, आत गेले. पोरं बाहेर. पोरीला लघवीला लागली. शाळेच्या संडासात नळ आहे, पाणी नाही. म्हणून पोरी शाळेत पाणीच पीत नाहीत. त्या दिवशी उन्हामुळे प्यायल्या होत्या. मी तिला घेऊन संकुलात शिरलो. अंगात सफारी होता. ताठ होतो.

काउंटरवरच्या मॅनेजरने सफारीकडे नाही, पोरीच्या पायांकडे पाहिलं. ती अनवाणी होती. लेझीमसाठी चपला काढायला लावल्या होत्या.

"मेंबरांसाठी आहे हे. आणि ते पाय बघा. टाइल्स नवीन आहेत."

मी म्हणालो, मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, ही जागा शाळेची होती. शेजारी ट्रॅकसूटमधला एक गृहस्थ खांद्यावर रॅकेट टाकून उभा होता. तो हसून म्हणाला, अध्यक्षजी को पानी पिलाओ भाई, बाहर. मॅनेजर मात्र कामाचा माणूस. त्याने ड्रॉवरमधून फाईल काढली आणि मैदान देण्याच्या ठरावाची झेरॉक्स माझ्यापुढे धरली.

"सही तुमचीच ना?"

माझीच. झोकदार. खाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबं. पोरीला आता वाचता येतं. तिने माझं नाव वाचलं, मोठ्याने. मग माझा हात सोडला आणि संकुलाच्या भिंतीमागे जाऊन बसली. एवढ्या माणसांच्या कार्यक्रमात.

ही सही झाली कशी तेही सांगतो, त्यात माझा मोठेपणा आहे. अध्यक्ष मी गुणांवर झालो नव्हतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी फिटर. तेव्हा रात्रपाळी होती, म्हणून दुपारच्या पालकसभेला आलेला मी एकटा बाप. बाकी सगळ्या आया. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, अध्यक्ष कोण होणार. मी डुलकी काढत होतो, मान हलली. झालो.

पुढे एका सभेला नगरसेवक साहेब स्वतः येणार असं कळलं. मी उल्हासनगरला कॅम्प पाचात जाऊन सफारी शिवला. सिंधी टेलर म्हणाला, साईं, एकदम लीडर लगते हो. पैसेही त्याने लीडरचेच घेतले. सभेत मला साहेबांच्या शेजारी खुर्ची. हात असलेल्या खुर्चीवर मी जन्मात पहिल्यांदा बसलो. साहेबांनी शाल घातली, हातात नारळ दिला, तोंडात पेढा. म्हणाले, आपल्याच पोरांना तलाव होतोय. रजिस्टर पुढे आलं. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीची फुली होती. वाचायला बसलो तर साहेबांना वाटेल विश्वास नाही, आणि मी किती हळू वाचतो ते चारचौघांत कळेल. दोन्हीची लाज. पेढा चघळत सही ठोकली. ठरावात आमच्या पोरांबद्दल एकच ओळ होती, 'उपलब्धतेनुसार प्रवेश'. ती मी वाचली उद्घाटनानंतर.

दुसऱ्या दिवशी घरपट्टीची पावती काढली. तिच्यात शिक्षण कर असा वेगळा रकाना. दरवर्षी भरतो. ती घेऊन पालिकेत गेलो. शाळेच्या पाण्याच्या टाकीचा अर्ज तिथं धूळ खात होता. कारकून म्हणाला, निधी नाही. मी विचारलं, मग तलावाला कुठून आला? म्हणाला, तो निधी वेगळा, हा वेगळा. म्हणजे निधीलाही जात असते. तलावाचा वरचा, संडासाचा खालचा. चाळिशी उलटल्यावर कळलं मला हे.

गेल्या महिन्यात पुन्हा सभा. पुन्हा साहेब, पुन्हा शाल, पुन्हा पेढा. ठराव नवा. पट कमी झालाय, सबब तळमजल्यावरचे दोन वर्ग संकुलाच्या जिमला द्यावेत, तिसरी-चौथी एकत्र बसवावी. मुख्याध्यापिका बाई सही करा म्हणून डोळ्यांनी विनवत होत्या. बदलीची भीती. मी कंपनीच्या निळ्या ड्रेसवर, ग्रीसच्या डागांसकट गेलो होतो. पेढा बाजूला ठेवला. म्हणालो, आधी वाचतो. मोठ्याने.

वाचला. बोट ठेवून, अडखळत. 'हस्तांतरण'वर तीनदा अडलो. मागे कोणीतरी खुसखुसलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"दादा, तुम्हाला नाही कळायचं ते. सही करा. मला पुढे कार्यक्रम आहे."

जन्मभर मला कळत नाही याची लाज होती. आज कळत होतं, आणि तेच त्यांना नको होतं.

फुलीवर मी लिहिलं, 'ठराव वाचला. नामंजूर. वर्ग देणार नाही.' खाली सही. रेघा नाहीत, टिंबं नाहीत. शाल घडी घालून परत केली. आयांना म्हणालो, पटत असेल तर सही करा, पण आधी वाचा. येत नसेल तर मी वाचून दाखवतो, वेळ लागेल. नऊ जणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. साहेब उठता उठता म्हणाले, दुसरा अध्यक्ष बसवता येतो. बसवतील. तो सही करायला बसेल तेव्हा मी समोर जमिनीवर बसून त्याचा ठराव मोठ्याने वाचेन. दर वेळी वाचेन. आणि मैदान परत मागायचा अर्ज मी त्याच दुपारी, त्याच वर्गात लिहिला.

छाती थोडी फुगली होती, खोटं कशाला बोलू. बारवीकडच्या पाड्यावरून टमटमने येऊन शाळेत खिचडी शिजवणारी मावशी डाव घेऊन दारात उभी होती. शाबासकी मिळेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

"वाचता येतंय की तुला," ती म्हणाली. "मग तवा काय झालं व्हतं? एका पेढ्यापायी पोरांचं मैदान घालवलंस."