आधी खडू, मग कात्री

कोंबडीची जखम बघितली आणि मास्तरीणबाईंना कळलं, की हे जनावराचं काम नव्हे. जनावर ओरबाडतं, लचका तोडतं. इथं तर पाठीवरचं कातडं चार बोटं सरळ उघडं पडलं होतं, कडा अगदी साफ. सगळा जन्म कापडात गेलेल्या बाईला फाटलेलं कुठलं आणि कापलेलं कुठलं हे काय सांगावं लागतं? त्यात त्या जखमेच्या कडेनं, पांढऱ्या पिसांवर, निळ्या खडूची एक पुसट रेघ होती.

रेघ बघितली आणि बाई परसदारच्या पायरीवर मटकन बसल्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. बाईंचे यजमान बाजारातल्या मोठ्या शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्तर होते. बाई घरी बसून त्याच दुकानाची काजं करायच्या, बटणं लावायच्या. चाळीस वर्षांत मास्तरांच्या हातून एक कापड वाया गेलं नाही, ही बाईंची एकुलती एक फुशारकी. पण ती त्या दिवसातून दोनदा मारत. मास्तरांचा नियम साधा होता: आधी खडू, मग कात्री. रेघ मारल्याशिवाय पातं लावायचं नाही, आणि रेघ मारली की कापल्याशिवाय उठायचं नाही. फक्त गिऱ्हाइकानं माप बदललं असा निरोप आला, तर अर्ध्या वाटेवरची कात्रीसुद्धा जागच्या जागी खाली ठेवायची. "शिवलेलं उसवता येतं," ते म्हणत, "कापलेल्याला इलाज नाही."

गेल्या वर्षापासून मास्तरांचं जरा बिनसलं होतं. चपला कपाटात निघायच्या. कधी भरल्या ताटावरून उठून दुकानाला उशीर झाला म्हणायचे, आणि दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती. बाई लेकीला सांगायच्या, "वय झालं गं, दुसरं काय!" सगळंच वयावर ढकलता येतं, वय बिचारं कुठं उलटून बोलतंय?

कोंबड्या होत्या पाच. त्यातली ही पांढरी, नाव बाईसाहेब, कारण चालायची तीच मुळी मान ताठ करून. बाकीच्या चौघी बाईंच्या मागे. ही तेवढी मास्तरांची. रोज सकाळी त्यांच्या पायाशी येऊन बसायची आणि ते हातानं दाणे भरवायचे. म्हणजे त्यांनी खडू फिरवला तेव्हाही ती तशीच निवांत बसली असणार. हे बाईंच्या डोक्यात आलं आणि त्यांना हुंदकाच फुटला.

पण रडत बसायला वेळ कुणाला होता? रक्त बघून बाकीच्या चौघी टोचायला टपल्या होत्या. कोंबडीची जात, लाल दिसलं की सख्ख्या बहिणीला सोडत नाही. बाईंनी बाईसाहेबांना पदरात गुंडाळून मोरीत आणलं आणि पिसं कापायला कात्री आणायला गेल्या. मोठी कात्री मशीनवरच होती. तिच्या खिळ्यापाशी पांढरं पीस अडकलेलं होतं.

मास्तर खिडकीत बसले होते, शांत, प्रसन्न.

"अहो, या कोंबडीला काय झालं?"

"कुठली कोंबडी? ते कापड सारखं हलत होतं," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाला उद्या घेऊन जा म्हणावं."

बाईंनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यात कात्री टाकली, सुई टाकली, रेशमाचा दोरा टाकला. जखमेभोवतीची पिसं कातरली. कोमट मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, एकदा, दोनदा, अगदी स्वच्छ पाणी निथळेपर्यंत. खडूची रेघही धुतली. ती जरा जास्तच घासून धुतली. मग बाईसाहेबांच्या डोळ्यांवर फडकं टाकलं. अंधार झाला की कोंबडी गप्प पडते. कातड्याच्या कडा जुळवून बाईंनी सात टाके घातले. प्रत्येक टाक्याला कोंबडी थरथरायची आणि बाई म्हणायच्या, "झालं गं बाई, झालं माझे आई."

जनावरांच्या डॉक्टरांकडे त्या टोपली घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी टाके बघून चष्मा वर केला.

"माझ्यापेक्षा बरे घातलेत. कशानं झालं हे?"

"मुंगूस," बाई म्हणाल्या.

"मुंगूस मान धरतं. हे कापल्यासारखं दिसतंय."

"आजकालची मुंगसं शिकलेली असतात, डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मलम दिलं, पाण्यातून द्यायची पावडर दिली, आणि टोपलीवर झाकण घालताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात लहान मूल नाही ना कुणी?"

"नाही," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. मूल यायला अजून पंधरा दिवस होते.

लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. नातू चार महिन्यांचा. लेक कामावर रुजू झाली की दिवसभर तो इथं राहणार, असं कधीचंच ठरलं होतं. बाईंनी पाळणा घासून ठेवला होता, झबली शिवून ठेवली होती. घरात पुन्हा रडण्याचा आवाज येणार म्हणून ही बाई झोपेतसुद्धा हसायची हो!

मग ते पंधरा दिवस सुरू झाले. बाईसाहेबांचा मुक्काम मोरीशेजारच्या खोक्यात. खाली जुन्या चिंध्या, वर माशा बसू नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा. सकाळ-संध्याकाळ मलम. पहिले दोन दिवस कोंबडीनं चोच उघडली नाही. बाईंनी औषधाच्या नळीनं थेंब थेंब पाणी पाजलं. चौथ्या दिवशी तिनं दाण्याला तोंड लावलं. आठव्या दिवशी उभी राहिली, आणि नवी पिसं काट्यांसारखी वर यायला लागली. शेजारीण बघून गेली, म्हणाली, "मेलेलं उठवलंत हो मास्तरीणबाई!" तिनं नवऱ्याला सांगून मुंगसासाठी सापळासुद्धा लावला. सापळ्यात रोज खारूताई सापडायची आणि बाई ओशाळून तिला सोडून द्यायच्या.

एकच गोष्ट बरी होत नव्हती. मास्तर मोरीकडे आले, की त्यांचं पाऊल ऐकूनच कोंबडी खोक्याच्या कोपऱ्यात जाऊन चिकटायची. डोळे मिटायची नाही, आवाज काढायची नाही. आणि मास्तर वाकून तिच्याकडे बघायचे, बोटांनी हवेत काहीतरी मोजायचे, आणि निघून जायचे.

बाईंनी मोठी कात्री डाळीच्या डब्यात पुरली. छोटी कात्री, सुऱ्या, वस्तरा, सगळं माळ्यावर गेलं. मास्तर दिवसभर खण उघडायचे, बंद करायचे. "माझी कात्री कुठंय?" "धार लावायला दिलीय." रोज तेच. खडू मात्र बाईंनी त्यांच्या खिशात राहू दिला. इतक्या वर्षांचा सोबती, तेवढा तरी असू दे. खडूनं कुणाचं काय बिघडतं?

लेकीचा फोन यायचा. कोंबडीला मुंगसानं धरलं, असं तिलाही सांगून झालं होतं. "बाबा कसे आहेत?"

"ठणठणीत."

शब्द कसा पटकन यायचा! सांगायचं रोज ठरायचं. पण सांगणार काय? की ज्या हातानं तुझ्या लग्नाचे कपडे कापले, त्याच हातानं जिती कोंबडी कापली? आपलेच दात, आपलेच ओठ. सांगितलं तर लेक बाळ ठेवणार नाही, आणि मास्तरांना कुठंतरी नेऊन ठेवायची भाषा सुरू होईल. भीती बाईंना दोन्हीकडून होती, सांगण्याची आणि न सांगण्याची. त्यातली जी जवळची दिसली तिला त्या घाबरल्या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे दुसऱ्याला ऐकवायला सोपं असतं.

रविवारी दुपारी लेक बाळाला घेऊन आली. मास्तरांनी नातवाला मांडीवर घेतलं, बाळानं त्यांचं बोट धरलं, आणि मास्तर इतके गोड हसले की बाईंना वाटलं, उगाच आपण मनाला लावून घेतलं. जेवणं झाली. बाळ बाजेवर पालथं झोपलं. लेक म्हणाली, "तू बस आई, चहा मी टाकते."

बाई परसात गेल्या. आज बाईसाहेबांचे टाके काढायचे होते. माळ्यावरची छोटी कात्री आणून त्यांनी एकेक दोरा हलकेच तोडला, चिमट्यानं ओढला. सातवा टाका निघाला. खाली कातडं गुलाबी, एकसंध. बाईंनी कोंबडीला जमिनीवर सोडलं आणि ती मान ताठ करून चार पावलं चालली. त्या आनंदात बाई हाका मारतच स्वयंपाकघरात शिरल्या.

लेक कपबशा मांडत होती. "आई, डाळीच्या डब्यात कात्री कशाला गं ठेवलीस? साखर शोधताना सापडली. बाबा बिचारे केव्हाचे शोधत होते, दिली त्यांना."

बाई पळाल्या. साठीची बाई, गुडघे धरलेली, पण पळाल्या.

बाळ तसंच पालथं झोपलं होतं. पांढऱ्या झबल्यावर, मानेपासून कमरेपर्यंत, निळी रेघ ओढलेली होती, सरळ, एका दमात मारलेली. मास्तर गुडघ्यांवर बसले होते. डाव्या हातानं त्यांनी झबलं ताणून धरलं होतं, आणि कात्रीचं खालचं पातं मानेपाशी आत गेलं होतं.

ओरडलं तर त्यांचा हात हलेल. बाई दाराशी उभ्या राहून, दुकानातला पोऱ्या बोलायचा तशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, थांबा. गिऱ्हाइकानं माप बदललंय."

मास्तर थांबले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी पातं जसं घातलं होतं तसंच हळूच बाहेर काढलं आणि कात्री बाजेवर ठेवली.

"आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "रेघ मारून झाली होती."

बाईंनी आधी कात्री उचलली, मग बाळ. बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. दारात लेक उभी होती, हातात चहाचा कप, तोंडावरचं हसू अजून अर्धं तसंच.

"हे काय चाललंय, आई?"

बाईंनी नातवाची पाठ लेकीकडे केली. रेघ तिला नीट दिसेल अशी.

"कोंबडीला मुंगसानं धरलं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "बाळाला घे, आणि आजच परत जा."