वहिनींच्या बेकरीत कुत्र्याला बंदी

वहिनींना सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. नातं खरं एकीचंच होतं, नणंदेचं. पण नणंद दिवसातून शंभर वेळा पीठ मळायच्या खोलीतून ओरडायची, "वहिनी, मैद्याचं पोतं आलं का? वहिनी, चाळण कुठे ठेवलीस?" ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकांच्या तोंडीही तेच बसलं. दूधवाला, शाळेतल्या बाई, वहिनींच्या आईच्या वयाच्या म्हाताऱ्या, सगळ्यांच्याच त्या वहिनी. आता एवढ्या जणांची वहिनी झालेली बाई मायाळू असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा त्यांच्या बेकरीत मांजर काखेत घेऊन जाऊन बघावं.

प्राण्यांशी त्यांचं उभं वैर होतं. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी, दुपारी जरा डोळा लागला तेवढ्यात, मळून झाकून ठेवलेल्या पिठावर एक मांजर जाऊन बसलं. फुगणारं पीठ उबदार असतं, मऊ असतं, मांजराला याहून चांगली गादी कुठे मिळणार? सासूबाईंनी ती अख्खी परात गटारात ओतायला लावली आणि वर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माहेरी चालत असेल, इथे चालत नाही." सासूबाईंना उलटून बोलायची छाती नव्हती. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि ते पुढे सत्तावीस वर्षं निघतच राहिलं. कुत्री, मांजरं, कबुतरं, कुणाची म्हणून गय नाही. एकदा एक गृहस्थ खांद्यावर पोपट घेऊन आले, त्यांना पाव तर दिला नाहीच, वर पोपटालाही चार शब्द ऐकवले. दारावर लाल रंगात पाटी होती : प्राण्यांना आत आणू नये. सांगूनही आणल्यास पाव मिळणार नाही.

यात चूक काही नव्हतं हे आधीच सांगून टाकतो. जिथे खायचं बनतं तिथे केस, पिसं आणि ओली नाकं नकोतच. लाडाच्या कुत्र्याला कडेवर घेऊन पावाच्या फळीवरून फिरवणारे लोक माझ्या स्वतःच्या डोक्यात जातात. वहिनींची पाटी बरोबर होती. वहिनी बरोबर होत्या की नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

बेकरी सासऱ्यांनी दोन्ही मुलांच्या नावावर केली होती, निम्मी मुलाची, निम्मी मुलीची. मुलगा भट्टी सांभाळायचा, मुलगी पीठ. वन्संनी लग्न केलं नाही. पहाटे उठून पिठात कोपरापर्यंत हात घालायच्या तो दिवस उजाडायचा. पीठ झालं की नाही हे त्या बघत नसत, अंगठा दाबून सोडत. खळगा किती वेळात भरून येतो त्यावरून त्या सांगत की भट्टीत आता घालायचं की अजून थांबायचं. भाजलेल्या पावाचंही तेच. अंगठ्याखाली पाव आजचा की कालचा हे त्यांना एका दाबात कळायचं. वहिनींना काही हे कधी जमलं नाही. त्या गल्ल्यावर बसत, आणि नवऱ्याचं बहिणीवाचून पान हलत नाही हे बघत मनातल्या मनात जळत.

आठ वर्षांपूर्वी नवरा गेला, दारावरच्या बेकरीच्या पाटीवर नाव मात्र त्याचंच राहिलं. त्यानंतर पाच वर्षांनी वन्संचे डोळे गेले. आधी कडा अंधारल्या, मग मधलंही गेलं. वहिनींनी तोंडात साखर धरून सांगितलं, "वन्सं, आता वर आराम करा. भट्टीशी खेळ नको, भाजाल कुठेतरी." वन्सं वरच्या खोलीत गेल्या. जिना बाहेरून होता, तो एकटीने उतरायची हिंमत त्यांना होईना. पीठ मळायला वहिनींनी एक यंत्र आणलं आणि एक बाई ठेवली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा बेकरीत वहिनींचं राज्य आलं.

या राज्यात एक गोष्ट घडू लागली, आणि ती वहिनींनी आपल्या सावलीलाही सांगितली नव्हती. सासूबाईंचा नियम असा की उरलेला पाव दुसऱ्या दिवशी वेगळ्या टोपलीत, निम्म्या भावात. वहिनींनी ती टोपली माळ्यावर टाकली. उरलेल्या पावांवर त्या पाण्याचा हबका मारत, निवत आलेल्या भट्टीत दहा मिनिटं ठेवत, वरून दुधाचा हात फिरवत. पाव असा चकाकायचा की आजच्यालाही लाज वाटावी. मग ते आजच्यांत मिसळून फळीवर मांडायचे. डोळे असलेल्या माणसाला फसवायला चकाकी पुरते. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

आणि अशात वन्सं चार महिने परगावी अंधांच्या संस्थेत राहून शिकून आल्या, आल्या त्या कुत्रा घेऊनच. काळा, दांडगा, पाठीवर पट्टा आणि पट्ट्याला धरायची कडी. त्याला त्या 'मास्तर' म्हणत. पहिल्याच सकाळी मास्तरने त्यांना जिना उतरवला, वळण घेतलं आणि बेकरीच्या दारात आणून उभं केलं. वन्संच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की रांगेतल्या लोकांनी आपोआप वाट दिली.

"वहिनी, आले गं मी! एकटी उतरले."

वहिनी गल्ल्यावरून ताडकन उठल्या. "तिथेच थांबा! एक पाऊल पुढे नको. पाटी दिसत नाही का?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"पाटी नाही दिसत," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "पण तुझा आवाज ऐकू येतोय."

"कुत्रं आत येणार नाही, वन्सं. तुमच्या आईचाच नियम आहे."

"मास्तर गिऱ्हाईक नाहीये. तो माझा हात धरून आलाय. मला आत येऊ दे, पावाला हात लावून घेऊ दे. तीन वर्षं झाली गं."

पावाला हात. तो अंगठा आत आला तर सगळं मुसळ केरात. वहिनींच्या तोंडून मात्र निघालं ते असं : "केस उडतात! उद्या कुणाच्या पावात केस निघाला तर तुम्ही येणार का निस्तरायला? हवा तेवढा पाव इथे दारात आणून देते. आत मात्र नाही."

आणि दिलाही. तेव्हापासून रोज सकाळी वहिनी स्वतः भट्टीतून निघालेला पहिला, चटका बसेल असा पाव कागदात गुंडाळून उंबऱ्याबाहेर वन्संच्या हातात ठेवत. लोक म्हणत, बघा, बोलायला फटकळ आहे, पण नणंदेला गरम गरम देते. वहिनी हे ऐकून घेत आणि पदराने घाम पुसत. चोरी लपवायला माणूस किती चांगुलपणा करतो याला काही सुमार नाही.

वन्संना तो गरम पाव गोड लागेना. निम्मी बेकरी आपली आणि आपण भिकारणीसारखं दारात हात पसरून उभं राहायचं, हे त्यांना दर सकाळी डाचायचं. त्या आत येऊ का म्हणून विचारत, वहिनी केसांचं पुराण लावत. गल्लीत दोन तट पडले. शाळेतल्या बाई वहिनींच्या बाजूच्या : "आज कुत्रा, उद्या कोणी गाय आणेल." समोरचे शिंपीकाका वन्संच्या बाजूचे. ते दुकानातूनच ओरडत, "अहो, तुमच्या गल्ल्यावरच्या नोटा कुत्र्यापेक्षा घाण असतात!" दोन महिने हे चाललं. शेवटी शिंपीकाकांनी वन्संच्या सांगण्यावरून अन्न कार्यालयाला पत्र लिहिलं.

तपासनीस बाई आल्या त्या सकाळी दहाच्या सुमाराला, हातात फाईल, पायात रबरी बूट. वहिनींनी भट्टी, मोरी, पोती, सगळं आरशासारखं ठेवलं होतं. उरलेले पाव मात्र नेहमीप्रमाणे फळीवर होते, कारण ते तिथे असतात हे वहिनींच्या दृष्टीने आता रोजचंच झालं होतं. त्यांना भीती कुत्र्याची दाखवायची होती. त्यांनी दाखवली. केस, पिसवा, लाळ, एक लहान मूल घाबरलं तर, एखादा आजारी पडला तर. पाच मिनिटं एका दमात बोलल्या. दारात शिंपीकाका, शाळेतल्या बाई आणि आणखी चार-सहा गिऱ्हाइकं आपापले पाव काखोटीला मारून ऐकत होती. वन्सं उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या आणि मास्तर त्यांच्या पायाशी बसला होता.

तपासनीस बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हौसेचं जनावर तुम्ही बाहेर ठेवू शकता," त्या म्हणाल्या. "तुमची पाटी त्यासाठी ठीक आहे. हा कामावरचा कुत्रा आहे. त्याला विक्रीच्या जागेत येऊ द्यावंच लागेल. पीठ मळतात तिथे आणि भट्टीकडे नाही. या ताई, आत या."

वन्सं आत आल्या. दारातच थांबून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग विचारलं, "हात कुठे धुऊ?" तपासनीस बाईंनीच त्यांना मोरीपर्यंत नेलं. मास्तर फळीच्या कडेला पोट टेकून पडला. वन्संनी साबण लावून हात धुतले, पुसले, फळी चाचपली आणि पहिल्या पावावर अंगठा दाबला. मग दुसऱ्यावर. तिसऱ्याला त्यांचा हात थबकला. त्यांनी तो पुन्हा दाबला. चौथा, पाचवा. त्यांचा चेहरा उतरत गेला. भाऊ गेला तेव्हाही त्या अशाच दिसत होत्या. रागापेक्षा लाज जास्त होती ती, आणि ती लाज त्या दुसऱ्याच्या वाट्याची भोगत होत्या.

वहिनींना ते दिसलं. वन्सं आता बोलतील, आत्ता बोलतील, म्हणून त्यांनी आधीच तोंड सोडलं. "बघा! बघा, बाई, लिहून घ्या! आत्ता कुत्र्याला कुरवाळत होत्या आणि आता अख्खी फळी चिवडतायत! कोण घेणार हे पाव? हात लावले ते सगळेच्या सगळे घ्यावे लागतील, सांगून ठेवते! नणंद असाल तर घरात!"

"हात धुतलेत त्यांनी," तपासनीस बाई म्हणाल्या. "पण चाचपलेला माल घ्यावा, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे."

"घेते," वन्सं म्हणाल्या. "अकरा झाले. सगळे घेते." आणि मग त्या जराशा मान वळवून, पीठ मळायच्या खोलीतून मारायच्या तशी हाक मारून म्हणाल्या, "वहिनी, बांध गं. ताजे एका पिशवीत, कालचे एका पिशवीत."

वहिनींचा राग अजून उतरला नव्हता. आपण म्हटलं ते बाईंनी मान्य केलं, अकराच्या अकरा पाव हिच्या गळ्यात बांधले, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. त्यांनी फटकन दोन पिशव्या उघडल्या. डावीत एक. उजवीत एक, उजवीत आणखी एक. मग डावीत. तीन वर्षं रोज पहाटे ज्या हातांनी ते पाव एकमेकांत मिसळले होते, त्या हातांना कुठला कुठला हे विचारावं लागत नव्हतं. कुठला पाव ताजा आणि कुठला कालचा, हे वन्संनी सांगितलंच नव्हतं.  डावीत चार पडले, उजवीत सहा, आणि अकरावा पाव उजव्या पिशवीच्या तोंडाशी असताना वहिनींचा हात थांबला.

तपासनीस बाईंनी पुढे होऊन तो पाव त्यांच्या हातातून काढून घेतला. मधोमध मोडला. आतला गाभा कोरडा, भुसभुशीत, बोटांखाली त्याचा चुरा झाला. त्यांनी फाईल उघडली.

"दादाचं नाव आहे गं बाहेर," वन्सं म्हणाल्या.  "दादाचं नाव आहे दारावर, आणि तू..." 

शिंपीकाका उंबरा ओलांडून आत आले. पाव तासापूर्वी घेतलेला पाव त्यांनी काखेतून काढून वहिनींच्या नाकासमोर धरला. "वहिनी," ते म्हणाले, "आमचा कुठल्या पिशवीतला?"

वहिनींनी पावाकडे पाहिलं. एका नजरेत त्यांना कळलं. त्यांचे ओठ हलले, आणि त्या अंगातलं सगळं बळ एकवटून ओरडल्या, "आधी ते कुत्रं बाहेर काढा!"

कुत्र्याकडे कुणी पाहिलंही नाही. शिंपीकाकांचा पाव तसाच पुढे धरलेला होता, आणि त्यांच्या मागे शाळेतल्या बाई आपली पिशवी उघडत होत्या.