आखाजीच्या दिवशी गायब झालेली कॅसेट

ही गोष्ट सांगायचं मी जवळजवळ चाळीस वर्षं टाळलं. विसरलो होतो म्हणून नव्हे. दर आखाजीला कोरीटच्या आमच्या घरात ती कुणी ना कुणी काढतच आलं, आणि मी तिथेच खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवत बसलेला असायचो. "तो आपला सालदार आठवतो का, घोड्याचा आवाज काढायचा तो? कॅसेट घेऊन पळाला बघा!" मग हशा. मग कुणीतरी शेवट करायचं, "चोर होता, पण हसवायचा भारी." मी एकदाही घास खाली ठेवून तोंड उघडलं नाही. आता लिहितोय तर भाऊबंदांना राग येईल. येऊ द्या. मलाही राग आलेला आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझ्याच नावावर आहे.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर राहणारा गडी. आमच्या भागात त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला सरतं. पुढच्या सालाची बोली त्याच दिवशी होते. दिवस मावळेपर्यंत गावोगावचे सालदार ठरून गेलेले असतात. ज्याचं ठरलं नाही त्याच्याकडे लोक संशयानं बघतात. याला आखाजीलाच का सोडला? काहीतरी केलं असेल. मग त्याला वर्षभर कुणी दारात उभं करत नाही. हे मला ठाऊक होतं. इथे जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

आमचा सालदार अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला भिल्ल. बायको-पोरांसह आठ सालं आमच्या खळ्यावरच्या खोलीत राहिला. शेती माझा मोठा भाऊ बघायचा. आम्ही सगळे त्याला नाना म्हणायचो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो.

आखाजीला बायका झोक्यावर गाणी म्हणतात आणि पुरुष पत्ते कुटतात. नानांना घरात जुगार खपत नसे, म्हणून त्या वर्षी त्यांनी नंदुरबारहून टीव्ही आणि व्हिडिओ आणवला. सणाचा दिवस. व्हिडिओवाल्याकडचे सगळे हिंदी पिक्चर आधीच गेलेले. त्यानं एक इंग्रजी कॅसेट हातात टेकवली, "घोडे आहेत, बंदुका आहेत, लोक हसून मरतात," म्हणाला. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "आपल्याकडे मास्तर आहे की. तो सांगेल समजावून."

भर दुपारी कापसाच्या खोलीत टीव्ही लावला. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या ठोकल्या. तीस-चाळीस माणसं घामानं निथळत बसली. मी पुढे खुर्ची टाकून बसलो. सालदार दारात उकिडवा बसला होता, कारण मशीन चालू-बंद करायचं त्याला व्हिडिओवाल्यानं शिकवलं होतं.

पिक्चर सुरू झाला आणि मला एक शब्द कळेना. खोटं कशाला बोलू, एकही नाही. मी ज्या इंग्रजीला शाळेत छडी घेऊन रांगेत उभं करत होतो, ती ही नव्हतीच. ती माणसं तोंडात तंबाखू धरून बोलत होती. एक लांबुडका इसम दारूच्या गुत्त्यात शिरला, टोपी काढून गुत्तेवाल्याला काहीतरी म्हणाला.

"सर, काय म्हणतोय तो?" माझाच एक जुना विद्यार्थी.

"तो म्हणतोय, धन्यवाद," मी म्हणालो.

त्याच क्षणी त्या इसमानं गोळी झाडली आणि गुत्त्यातले सगळे दिवे फुटले.

खोलीत जो हशा उठला तो पिक्चरला नव्हता. मी वळून "शांत बसा" म्हणालो, वर्गात म्हणायचो तसं. त्यानं हशा आणखी वाढला.

पडद्यावर आता भर रस्त्यात एक घोडा बसकण मारून बसला होता. मागे दरोडेखोर येताहेत, मालक लगाम ओढतोय, हातापाया पडतोय, घोडा ढिम्म. आणि दारातून एक जाड, रेकणारा, भलताच थकलेला आवाज आला:

"मालक, आखाजी उनी. मन्हं साल सरनं. आते पुढला सालनी बोली कर, नहीतं मी उठाव नही!"

मी माणसं जमिनीवर लोळताना पाहिली. नाना तर भिंतीला टेकून डोळे पुसत होते. "अजून बोल! घोडा अजून काय म्हणतो?" सालदार आधी लाजला. मग सुटला. भित्र्या शेरीफला त्यानं आमच्या पोलीस पाटलाचा खोकला दिला. जाड्या नगराध्यक्षाला भाषणाची हौस दिली. दरोडेखोरांचा नायक गुत्त्यात येऊन डरकाळी फोडायचा तर हा बारीक आवाजात म्हणायचा, "माले ताक दे. डाक्टरनी सांगेल शे." त्या ओठांच्या हालचालीत वाक्य असं बरोब्बर बसायचं की तो गोरा माणूस जन्मापासून अहिराणीच बोलतोय असं वाटावं.

पिक्चर संपला, लोकांनी पुन्हा लावायला लावला. कुणीतरी सायकलवर धानोऱ्याला निरोप नेला, तिकडचेही आले. दुसऱ्या वेळी त्यानं घोड्याच्या तोंडी नवीन वाक्यं घातली. मधेच माझा तो विद्यार्थी हसत म्हणाला, "सर, खरं इंग्रजी तं सालदारले येस!"

सगळे हसले. सालदार मात्र हसला नाही, हे मी पाहिलं. त्यानं घाईघाईनं मान हलवली, "नही भो, गुरुजी शिकेल माणूस शेतस. मी आपली चेष्टा करी ऱ्हायनू." त्यानं मला सांभाळून घेतलं. त्याचाच मला जास्त राग आला. दारात बसणाऱ्यानं खुर्चीवर बसलेल्याला सांभाळून घ्यावं!

खेळ संपला. त्यानं शिकवल्याप्रमाणे मशीनमधून कॅसेट काढली, डबीत घातली, टीव्हीवर ठेवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. लोक चहाला बाहेर पडले. दिवेलागणीच्या आधी आणखी एकदा लावायचं ठरलं होतं. मी खोलीत एकटा होतो. कोपऱ्यात माझ्या नववीच्या इंग्रजीच्या पेपरांचे गठ्ठे होते, सुट्टीत तपासायला आणलेले. मी कॅसेट उचलली आणि एका गठ्ठ्यात सारून सुतळी बांधली. मास्तरच्या पेपरांना घरात कुणी हात लावत नसे. तिसरा खेळ होऊ नये, एवढंच तेव्हा मनात होतं. असं मी स्वतःला सांगत आलोय. आता तेही खात्रीनं सांगवत नाही.

कॅसेट सापडेना. आधी हसत शोधली, मग घर उलटंपालटं केलं. पाहुणे उठून गेले. नानांची चारचौघांत फजिती झाली आणि त्यांचा आवाज चढला. "शेवटी कुणाच्या हातात होती?"

सालदार पुढे आला. "मीच काढी, मालक. तठेच टीव्हीवर ठी दिन्ही."

"मग पाय फुटले का तिला?"

तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही तं आठेच खोलीमा व्हतात ना. सांगा ना."

मी म्हणालो, "मशीनमधून कॅसेट यानंच काढली. मी पाहिलं."

यात एकही शब्द खोटा नाही. व्याकरणात चूक नाही. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि खऱ्याचा असा चाकू करून एका माणसाच्या पाठीत घातला.

नानांनी त्याची खोली झाडायला लावली. खळ्यावर, गावासमोर, त्याच्या बायकोचं गाठोडं सोडलं. एक लुगडं, पोरांची झबली, तडा गेलेला आरसा, विळा, मक्याचं पीठ बांधलेलं फडकं. कॅसेट निघाली नाही. निघाली नाही म्हटल्यावर नाना ओशाळतील असं मला वाटलं होतं. ते आणखी चिडले, "म्हणजे पोचवली कुठेतरी!" बायको एकेक वस्तू उचलून पुन्हा बांधत होती आणि सालदार उभा होता. सकाळीच नानांनी त्याला नवव्या सालासाठी हो म्हटलं होतं. ते मोडलं. गावातली बाकीची घरं तोवर ठरलेली होती. ज्या माणसानं दुपारी घोड्याच्या तोंडून "बोली कर, नहीतं उठाव नही" म्हणून सगळ्यांना लोळवलं होतं, तो दिवस मावळायच्या आत उठून गेला. पुढे कळलं की गुजरातेत ऊसतोडीला गेले सगळे.

गठ्ठा मी तपासला, निकाल लावला, पेपर शाळेत जमा केले. कॅसेट ट्रंकेत ठेवली. परत का दिली नाही? पहिल्या दिवशी लाज होती, दुसऱ्या दिवशी भीती, आणि महिन्याभरानं सवय झाली. नाना वारले त्या दिवशीसुद्धा मला आधी आठवली ती ट्रंक.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत ती माझ्या नातीला सापडली. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिनं नंदुरबारातल्या एका फोटोवाल्याकडून, जो लग्नाच्या जुन्या कॅसेटी अजून पेन ड्राइव्हवर उतरवून देतो, ती उतरवून आणली. रविवारी दुपारी घरातले सगळे टीव्हीसमोर बसलो. चित्रावर आडव्या रेघा येत होत्या, रंग उडालेला. आणि मी हसलो. लाजेनं सांगतो, पण हसलो, पोट धरून हसलो. पिक्चर खरंच चांगला आहे. लांबुडका तसाच गुत्त्यात शिरतो, दिवे तसेच फुटतात. नातीला इंग्रजी सगळं कळतं. घोडा बसला तेव्हा मी विचारलं, "मालक काय म्हणतोय?"

"काही नाही हो आजोबा. ऊठ, ऊठ म्हणतोय नुसतं."

एवढंच. इतकी वर्षं मला वाटत होतं की आपल्याला न कळलेलं काहीतरी मोठं असेल त्यात. काही नव्हतं. सालदाराचं वाक्य त्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

मग मुलानं डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "बाबा, ही तीच का? सालदारानं नेलेली? मग आपल्या ट्रंकेत कशी?"

मी सांगितलं. पहिल्यांदा. मुलानं डबी टीव्हीवर ठेवली आणि म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा. आता कोण राहिलंय."

जाऊ द्या! या दोन शब्दांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. ज्याचं काही गेलेलं नसतं तोच म्हणतो जाऊ द्या. मी त्याच्यावर ओरडलो, सुनेवर ओरडलो, चहाचा कप आपटला. नात शांतपणे म्हणाली, "ओरडताय कुणावर? ते राहिलेत का नाही, बघून या ना."

शोधायला तिला चार फोन लागले. मला चाळीस वर्षांत चार फोन करवले नव्हते.

गेल्या महिन्यात तिच्यासोबत गेलो. तळोद्यावरून अक्कलकुवा, पुढे डोंगर. पिशवीत कॅसेट होती. तो जिवंत होता. कुडाच्या घरासमोर खाटेवर बसलेला, हाडांचा सापळा. मला बघून डोळे बारीक केले आणि "गुरुजी" म्हणाला. उठायला लागला. मी त्याला उठू दिलं नाही. तेवढ्यात त्याचा मुलगा आला, चाळिशी गाठलेला, स्वच्छ मराठी बोलणारा. म्हणाला, "त्यांना ऐकू येत नाही आता. माझाच आवाज तेवढा कळतो. तुम्ही मला सांगा, मी त्यांच्या कानात सांगतो आमच्या बोलीत."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. खळ्यावर गाठोडं सोडलं तेव्हा झबल्यातला होता हा. मी विचारलं, "आमच्याकडचं काही सांगतात का कधी?"

"सांगतात ना. तुम्ही लोक फार चांगले होता म्हणतात. आम्हीच सोडून आलो, डोंगराची आठवण येत होती म्हणून."

"आणि घोड्याचा आवाज? काढतात का अजून?"

"कसला घोडा?"

"आवाज काढायचे ते. नकला करायचे."

तो हसला. "आमचे वडील? नाही हो. दुसरं कुणीतरी असेल. ते फार कमी बोलतात."

बापानं मुलाला खरं सांगितलेलं नव्हतं, आणि मला जे बोलायचं होतं ते त्या मुलाच्या तोंडून बापाच्या कानात जाणार होतं. ते कसं बोलायचं, असं मला वाटलं. हे कारण मला फार सोयीचं होतं, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. नात माझा हात दाबत होती. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, जसा खळ्यावर थांबला होता.

"बाबा विचारतात, काय काम काढलं," मुलगा म्हणाला.

"काही नाही. सहज आलो होतो. तब्येत विचारायला."

मुलानं ते वाकून त्याच्या कानात सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि चहा ठेवायला सांगितलं. मी तो प्यालो, आणि पिशवी जशी नेली तशी घेऊन परत आलो.

वाक्य काही मोठं नव्हतं. तळोद्यापासून मी ते मनात घोकत गेलो होतो, आठ सालं त्याच्याशी ज्या अहिराणीत बोललो त्याच अहिराणीत: कॅसेट मी लिधी व्हती, तू नही. माले माफ कर.