पत्रक वाटायला गेले आणि किटली हातात आली

ही साक्ष गोड नाही, आणि ती गोड करून सांगायचा माझा विचारही नाही. मला राग होता. दारूवर, दारू विकणाऱ्यांवर, दुकानाकडे डोळेझाक करून आमच्याच चाळीत मतं मागायला येणाऱ्यांवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या मेलेल्या बापावर. डिलाईल रोडच्या ज्या चाळीत मी वाढले तिच्या नाक्यावरच देशी दारूचं दुकान आहे. बायकांनी मतदान करून ते बंद पाडावं म्हणून आम्ही मोहीम चालवत होतो. अशा मतदानात मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद कर. आडव्या बाटलीची पत्रकं मी लिहायचे. चाळीच्या चौकात भाषणही मीच ठोकायचे. पहिलं वाक्य ठरलेलं: "माझा बाप पिऊन मेला." हे म्हटलं की गॅलऱ्यांमधली कुजबुज बंद व्हायची.

आणि मी स्वतः पीत होते.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, म्हणून ते एकटंच राहू दे. परळच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी रिसेप्शनवर बसते. तिथल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला पहिला पेग घेतला, मग कधीमधी, मग घरी, कडी लावून, एकटीनं. व्होडकाला वास येत नाही ही जगातली सगळ्यात मोठी थाप आहे, पण मी तिच्यावर विश्वास ठेवला. पाण्याच्या स्टीलच्या बाटलीत ती भरायची, वरून वेलची चघळायची आणि चौकात उभं राहून दुसऱ्यांच्या नवऱ्यांना शिव्या द्यायच्या. एकदा भाषणानंतर एका म्हाताऱ्या आजींनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी श्वास रोखून उभी होते. माझी नजर काढत होत्या त्या, आणि मला भीती कशाची, तर वासाची! थू असल्या जगण्यावर.

सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. शपथा घेतल्या, मोडल्या. स्वतःला पत्रक लिहावं तसं खरमरीत पत्र लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. ते वाचत वाचतच प्यायले. शेवटी, कुठलाच इलाज उरला नाही तेव्हा, लहानपणच्या चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसले. भक्तीनं नाही. भांडायला. प्रार्थना एकच होती: तू असशील तर बघतोस काय नुसता?

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळक भाकर मोडतात, मग एकच प्याला ओळीनं सगळ्यांच्या ओठांना लागतो. माझ्या लहानपणापासून त्यात खरा द्राक्षारस, म्हणजे वाइन, असायचा, घशाला चटका देणारा. सतराव्या वर्षी मी पहिल्यांदा प्रभुभोजनाच्या मेजापाशी गुडघे टेकले, प्याला ओठांशी आला आणि त्यातून पप्पांच्या तोंडाचा वास आला. तो वास मी विसरले नव्हते. आणि आता तर एक घोट पोटात गेला की संध्याकाळी काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पहिल्या रविवारी प्याला निघाला की मी उठायचे आणि बाहेर. सलग तीन महिने असंच झालं. ज्या एका दारात आसरा मागायला आले होते तिथंही बाटली पुढे उभीच!

मग माझ्या रागाला ठिकाण मिळालं: पाळक आणि त्यांचा प्याला. चौथ्या महिन्यात मी पत्रक लिहिलं आणि परळला झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा काढून आणला. येताना, शनिवारी संध्याकाळीच, एक चपटीही घेतली. का घेतली? उद्या मोठं भांडण होईल, मंडळी मला हाकलून देतील, मग पिण्याचा माझा हक्कच होईल, असा हिशेब होता. सैतान शेपूट लावून येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब नीट वाचावा. पहिल्या रविवारी सकाळी चर्चच्या फाटकाशी, पायऱ्यांवर उभी राहिले तेव्हा कापडी पिशवीत वर पत्रकं होती आणि खाली ती चपटी.

पहिलं पत्रक हातात काढते न काढते तोच भोईवाड्याच्या एस्तेर मावशी समोर आल्या. एका मोठ्या इस्पितळात त्यांनी आयुष्यभर आयाचं काम केलं. आता गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. हातात फडक्यात बांधलेली स्टीलची किटली.

"धर गं जरा," म्हणाल्या. "पायऱ्या चढवत नाहीत, आणि ही सांडली तर पाळकसाहेब मलाच सांडतील."

मी किटली घेतली. जड होती, कोमट होती. पत्रक आपोआप त्यांच्या हातात गेलं.

"चष्मा विसरले. काय लिहिलंयस? वाच."

"नंतर वाचा मावशी."

"नंतर कशाला? छापलंयस ते लपवायला का?"

मी वाचलं. किटली छातीशी धरून, त्यांनी धरलेल्या कागदावरून, माझंच पत्रक मी मोठ्यानं वाचलं. प्रभूच्या घरात दारूचा गुत्ता! ज्या हातांनी पाळक आशीर्वाद देतात त्याच हातांनी ते व्यसनींना दारू पाजतात! या मंडळीतल्या किती बापांचं मरण या प्याल्यात सुरू झालं? चौकात हीच वाक्यं मी खणखणीत म्हटली असती. त्या पायरीवर ती नुसती कागदावरची अक्षरं वाटली.

"पुढं?"

"संपलं."

"भाषा झणझणीत आहे. बापावर गेलीस. आता झाकण उघड."

मी झाकण उघडलं. वाफ आली, आणि तिच्यात दारूचा मागमूसही नव्हता. काळ्या मनुकांचा वास होता, खिरीसारखा, आजारी माणसाला आई देते त्या पाण्यासारखा.

"काल दुपारी भिजवल्या, आज पहाटे उकळल्या," मावशी म्हणाल्या. "सहा वर्षं झाली, या प्याल्यात दुसरं काही पडलेलं नाही. तू घोट घेतला असतास तर कळलं असतं. पण तुझं आधी पत्रक, मग चौकशी!"

माझा सूर भांडखोरच होता. "मग सांगितलं का नाही कुणी?"

"तुला? तुझ्या बापाच्या मातीच्या दिवशी सांगायला आले होते की. तू म्हणालीस, मला त्या माणसाचं काही ऐकायचं नाही. तशी परत गेले."

आई मी दहावीत असताना गेली. एकोणिसाव्या वर्षी मी पप्पांच्या दारूला कंटाळून माहीमला आत्याकडे निघून गेले आणि पुढची दोन वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. लिव्हर जाऊन पप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा थेट शवागारात गेले, मातीनंतर चाळीतल्या खोलीत परत आले. मधल्या दोन वर्षांत काय झालं ते मावशींनी त्या पायरीवर मला सांगितलं. पप्पांनी शेवटचं अख्खं वर्ष दारूला हात लावला नव्हता. लिव्हर आधीच संपलं होतं, त्याला उशीर झाला होता. पण त्यांना मेजापाशी यायचं होतं. प्याला हवा होता आणि त्यातल्या एका घोटाची भीती वाटत होती. याच पायरीवर बसून ते पाळकांशी भांडले, मग रडले. मावशींनी घरी जाऊन मनुका भिजवल्या. मरणाआधीच्या शेवटच्या प्रभुभोजनापर्यंत पप्पा तो प्याला घेत होते.

आणि मी? मी चौकाचौकात सांगत फिरत होते की माझा बाप पिऊन मेला. त्या वाक्यावर टाळ्या घेत होते.

मला राग आला. पुन्हा! मावशींचा, पाळकांचा, अख्ख्या मंडळीचा. मग कळलं की हा राग आता कुणाच्याच अंगावर फेकता येत नाहीये. फेकायला हात मोकळे नव्हते, हातात किटली होती.

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, ज्याला नको असते तो बसल्या जागी मान हलवतो. तू प्याला दिसला की पळतेस. जन्मभर पेशंटांच्या चादरी बदलल्यात मी. मला वेलची खाऊन फसवू नकोस. पिशवीत आहे का आत्ता?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी पिशवी माझ्या खांद्यावरून काढली. उपदेश नाही, हात पुढे करून प्रार्थना नाही. चर्चच्या मागच्या नळावर मला नेलं, झाकण स्वतः फिरवलं आणि चपटी गटारात उपडी केली. वास उठला तसं माझं सगळं अंग त्या वासाकडे ओढलं गेलं. हे मी लपवणार नाही. दोन्ही हातांनी किटली धरली नसती तर मी ती बाटली हिसकावली असती. तिथंच मी प्रार्थना केली, आयुष्यातली पहिली, भांडण नसलेली. माझ्याच्यानं होत नाही, एवढंच म्हटलं.

त्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले. प्याला आला. गोड होता, थोडा करपट. मावशींच्या मनुका तळाला लागतात. पप्पांनाही त्या करपटच लागल्या असतील.

मी बरी झाले असं कुणी समजू नये. त्यानंतर दोनदा पडले. दोन्ही वेळा तशीच, तोंडाला वास घेऊन, भोईवाड्यात मावशींचं दार वाजवलं. "आत ये, नाटकं नकोत" एवढंच त्या म्हणाल्या. देवदूत वगैरे मला दिसला नाही. एका गुडघे गेलेल्या बाईनं बरोबर त्या मिनिटाला माझे हात भरून टाकले. तिला त्या मिनिटाला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. वाद घालायची माझी सवय ज्यांना माहीत आहे त्यांना एवढ्यावरून काय ते कळेल. शरण जाणं म्हणजे मवाळ होणं असं मला वाटायचं, म्हणून मी त्याची टिंगल करत आले. मवाळ मी अजूनही नाही. नाक्यावरचं दुकान अजून उघडं आहे आणि त्याच्यासमोरून जाताना माझं रक्त उकळतं. फक्त माझ्या ताकदीवर माझा विश्वास उरलेला नाही, आणि त्यानं मला फार हलकं वाटतं.

शनिवारी मनुका आता मी भिजवते. मावशी खुर्चीत बसून आच कमी कर म्हणून ओरडतात.

मागच्या महिन्यात पुन्हा आमच्या चौकात सभा होती. मोहिमेतल्या बायकांना मी आदल्या दिवशीच माझं सगळं सांगितलं. दोघींनी बोलणं टाकलं. एक म्हणाली, आता तू भाषण करू नकोस, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत. उभी राहिले. गॅलऱ्या भरलेल्या होत्या, नजर काढणाऱ्या त्या आजी खाली पहिल्या रांगेत स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मी पहिलं वाक्य म्हटलं.

"माझा बाप न पिता मेला. पीत होते ती मी."