कठड्यामागचा ढोल

माझी मुलगी टोकियोतल्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघात आहे, हे मी पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना चार वर्षं सांगत आलो. सामन्यात ती एकदाही मैदानात उतरलेली नाही, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. खोटं बोललो नाही, पण खरं गिळून बसलो.

इथली पद्धत अशी, की संघात चाळीस मुली असल्या तर चाळीसही जणी रोज सारखाच सराव करतात. सामन्यासाठी ज्यांची निवड होत नाही, त्या संघाचाच टी-शर्ट घालून प्रेक्षकांच्या बाजूला, मैदानाच्या कठड्यामागे उभ्या राहतात आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत गाणी म्हणतात, ढोल वाजवतात. ढोल माझ्या मुलीकडे. आम्ही राहतो त्या टोकियोतल्या ओजिमा भागात मराठी मंडळींचा गणपती बसतो, त्याच्या ढोलपथकात ती लहानपणापासून वाजवत आलेली, त्यामुळे ते काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं असणार. मला मात्र बघून चीड यायची. पहिली ट्रेन पकडून सरावाला जाणारी पोर, आणि सामन्याच्या दिवशी तिच्या हातात काय, तर टिपरू!

ती दुसऱ्या वर्षाला असताना मी एक आगाऊपणा केला. बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन थेट कोचना गाठलं आणि म्हणालो, मुलीला एकदा तरी खेळवा. शाळेत असताना माझ्या क्रिकेटसाठी माझ्या वडिलांनी सरांकडे जाऊन हेच केलं होतं. कोच कमरेत वाकून माझीच माफी मागत राहिले, डब्याला काही त्यांनी हात लावला नाही. मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज. ही टीम माझी आहे. माझं मी बघते."

यंदा तिचं शेवटचं वर्ष. लीगचा शेवटचा सामना योकोहामाच्या बाजूला होता. हरलो असतो तर संघ खालच्या गटात गेला असता. सामना नेटवर दिसणार होता, त्यामुळे सकाळीच ग्रुपवर माझ्या ताईचा मेसेज: "आम्ही सगळे बघतोय रे! तिचा नंबर किती?" मी फोन खिशात टाकला.

विसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून आमचा गोल झाला. पुढे मात्र समोरच्या संघाने आम्हाला आमच्याच अर्ध्या मैदानात कोंडून ठेवलं. शेवटच्या वीस मिनिटांत आमच्या मुलींच्या पायांत गोळे यायला लागले, कठड्यामागची गाणीही विरली. तेवढ्यात ढोलाचा ठेका बदलला. मिरवणूक शेवटच्या वळणावर रेंगाळली की आमचं पथक जो ठेका धरतं, तोच हा. दोन आवर्तनांत कठड्यामागच्या सगळ्या मुलींनी तो टाळ्यांवर उचलला. मांडी धरून उभी असलेली आमची एक बचावपटू पुन्हा पळायला लागली. बापाचं कौतुक म्हणून हे रंगवून सांगत नाही, शेजारी बसलेल्या गोलकीपरच्या आईनेही वळून विचारलं, "ढोलावर तुमची मुलगी ना?" मी इतक्या जोरात "हो" म्हणालो की पुढच्या रांगेने मागे बघितलं.

शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक फटका खांबाला लागला, गोलरेषेवर उडाला आणि आमच्या गोलकीपरच्या कुशीत येऊन पडला. मग शिट्टी झाली. एक-शून्य.

सामना संपला की इथे संघ प्रेक्षकांसमोर रांगेत वाकतो. त्या दिवशी चिखलाने माखलेल्या त्या अकरा जणी आधी कठड्याकडे धावल्या आणि ढोलासमोर वाकल्या. कप्तान हमसून रडत होती. माझी मुलगीही वाकली. बोटांना पट्ट्या, टी-शर्ट घामाने चिंब. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि इतकी वर्षं ही पोर मी लपवून ठेवली याची लाजही वाटली.

खाली जाऊन तिचा फोटो काढला. म्हटलं, "पुण्याच्या ग्रुपवर टाकतो. आत्या नंबर विचारतेय. लिहितो, नंबर नाही, ती मॅच खेळत नाही, ढोल वाजवते. चालेल?"

तिचा आवाज पार बसला होता. माझ्या हातातून फोन घेऊन तिने फोटो मोठा करून पाहिला.

"बाबा, परत काढ," ती म्हणाली. "ढोल अर्धाच आलाय."